कापूस चोळायचा नसतो

माझे बाबा गावात सांगतात, की मुलगा न्यूझीलंडला केमिकल लाइनमध्ये आहे. ते अगदीच खोटं नाही. वाशिमच्या कॉलेजातून मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज ज्या काउंटरमागे उभा असतो, तिथे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि निकोटीन यांची मिश्रणंच विकतो.

ऑकलंडच्या दक्षिणेला पापाटोएटोमध्ये साड्यांचं दुकान, मिठाईचं दुकान आणि पोळ्या विकणाऱ्या बाईंचं दुकान अशी एक रांग आहे. त्या रांगेत आमचं व्हेपचं दुकान. काचा पूर्ण झाकलेल्या, आतला माल रस्त्यावरून दिसू नये म्हणून. दारावर अठरा वर्षांखालच्यांना मनाईची पाटी. आईने एकदा व्हिडिओ कॉलवर ती झाकलेली काच पाहिली आणि म्हणाली, "देशी दारूच्या दुकानासारखं दिसते रे."

"आई, सिगारेट सोडवायचं दुकान आहे."

"मग झाकून काऊन ठेवता?"

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला इथली आपली बरीच कुटुंबं हॉलमध्ये जमतात. कोणी इंजिनिअर, कोणी नर्स, कोणी बँकेत. मला कोणी विचारलं, की मी "रिटेलमध्ये" म्हणतो आणि खिरीच्या रांगेत पुढे सरकतो. पण या दुकानाने माझी इथल्या शिक्षणाची फी फेडली आणि गावात आईबाबांना पक्कं छत दिलं. त्याचं ऋण मी मानतो आणि ते मानतानाच पुढचं लिहितो आहे.

ज्यांनी व्हेप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात जळत काही नाही, निदान जळू नये. तारेचं एक बारीक वेटोळं बॅटरीवर तापतं, त्यात बसवलेल्या कापसात निकोटीनचं द्रव मुरलेलं असतं, आणि त्याची वाफ होते. हल्ली बहुतेक लोक पॉड वापरतात. त्यात हे सगळं एका बंद डबीत तयार मिळतं, आपण फक्त ओढायचं. ड्रिपर हा त्याचा जुना, उघडावाघडा भाऊ. त्याला टाकी नसते. दोन छोटे खांब आणि स्क्रू. तार आपणच सळईवर गुंडाळायची, खांबांत आवळायची, मीटरवर तिचा रोध मोजायचा. मग बटण हलकेच दाबून तार मधून लाल होते का ते पाहायचं. कडेला आधी लाल झाली, तर चिमट्याने सारखी करायची. त्यानंतर कापूस ओवायचा, इतका की ओढताना तार जराशी हलावी पण वाकू नये. शेवटी वरून थेंब थेंब द्रव सोडायचं. थोडे झुरके घेतले, की कापूस सुकतो आणि पुन्हा थेंब सोडावे लागतात. विसरलात तर कोरडा कापूस जळतो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला येतो.

नवशिक्याला ड्रिपर द्यायचा नाही, असा नियम मी दुकानात केला आहे. आमचा एक गिऱ्हाईक सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर पँटच्या खिशात टाकून फिरला. किल्ली दोन्ही टोकांना टेकली आणि त्याची मांडी भाजली. तेव्हापासून बॅटरीसाठी प्लास्टिकची डबी मी फुकट देतो. ज्या यंत्रात सुरक्षेचं सर्किट नाही, ते तर मी मागवतच नाही. मालक म्हणतात, मी गिऱ्हाईक पळवतो. पळू देत.

नियम पहिल्यांदा मोडला तो मार्गारेटबाईंसाठी. सत्तरीच्या गोऱ्या आजी, बोटं विणकामाची. पॉड हातात घेऊन म्हणाल्या, यात मी करायचं काय? त्यांना ड्रिपर शिकवला, तर पुढच्या आठवड्यात माझ्यापेक्षा सुबक वेटोळी करून दाखवायला घेऊन आल्या. सिगारेट सुटली. पण फुप्फुसं त्याआधीच गेलेली होती. त्या वारल्यावर त्यांच्या मुलीने बिस्किटांच्या डब्यात उरलेला कापूस आणि तार दुकानात आणून दिली. "आई म्हणाली होती, नवीन लोकांना शिकवायला ठेव." तो डबा मी काउंटरखाली ठेवला.

त्यातला कापूस पहिल्यांदा गजूभाऊंसाठी काढला.

दुकानात मराठी ऐकू येतं ते बहुतेक पुण्यामुंबईचं. त्या दुपारी एक माणूस नारिंगी जॅकेट घालून आत आला. मी नेहमीसारखं 'किआ ओरा' म्हणालो. तो फोनवर बोलत होता, "आता कामावरूनच येऊन रायलो, थांब जरा." माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "भाऊ, कुठले?"

"तिवसा. अमरावती जिल्हा. अन् तू?"

"वाशिमकडचा. रिसोड."

"मंग इंग्रजीत काऊन 'किआ ओरा' म्हणलं बे मले?"

"ते इंग्रजी नाही भाऊ, माओरी आहे."

"तेच ते. वऱ्हाडी नव्हतं ना?"

गजानन नाव. ईस्ट टामाकीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. विद्यार्थी म्हणून आले होते, आता इथलेच रहिवासी, पंचेचाळिशीच्या आसपास. सिगारेट त्यांनी आयुष्यात ओढली नव्हती. त्यांना सोडायचा होता खर्रा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात, नाहीतर तळव्यावर घेऊन अंगठ्याने बराच वेळ घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा, तो खर्रा. इथे तो उघड मिळत नाही. ते कुठून आणायचे हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उजव्या अंगठ्याचं पेर तपकिरी झालेलं होतं आणि नखाच्या कडेला चुन्याने चिरा पडल्या होत्या. तसा अंगठा मी लहानपणापासून पाहिला होता. माझ्या मामाचा. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. माझं नाव कॉलेजात घालायला तेच माझ्याबरोबर वाशिमला आले होते.

मी आधी साफ सांगितलं, की व्हेप सिगारेटवाल्यांसाठी आहे. तंबाखू खाणाऱ्यासाठी डॉक्टर निकोटीनचं च्युइंगगम देतात, ते घ्या.

"घेतलं होतं. च्युइंगगम पोट्टे खातेत."

मग पॉड दिला. आठवड्याने तो काउंटरवर ठेवून म्हणाले, "याच्यात हाताले कामच नाई. गोदामात स्मोकोची सुट्टी झाली, की बाकीचे बिड्या वळतेत, मी नुसता हात घेऊन बसतो. अन् हात गेला का खिशात खर्ऱ्याकडे."

हे मला पटलं. खर्ऱ्यात अर्धी सवय तोंडाची, अर्धी अंगठ्याची. मी सर्किट असलेलं चांगलं यंत्र घेतलं, त्यावर ड्रिपर बसवला, मार्गारेटबाईंचा डबा काढला आणि त्यांना शेजारी उभं केलं.

तार त्यांनी पटकन गुंडाळली. मग कापसाचा पेळू हातात दिला आणि त्यांनी तो सरळ डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्याने घोटायला सुरुवात केली. बोलता बोलता, खाली न बघता.

"भाऊ, कापूस चोळायचा नसतो."

"मी कुठं चोळला?"

मी तळव्याकडे बोट दाखवलं. कापसाची सुतळी झाली होती. ते स्वतःच हसले. म्हणाले, "वरून दोन टिचक्या मारू का आता?"

चोळलेल्या कापसात द्रव शिरत नाही, तो जळतो. हे ते पुष्कळदा जाळून शिकले. दर शनिवारी यायचे, काउंटरच्या कोपऱ्यात उभे राहून कापूस बदलायचे. मी म्हणायचो, "सैल, भाऊ, सैल." ते म्हणायचे, "तुया मार्गारेटबाईले जमलं, मले काऊन नाई जमणार?" आणि हळूहळू जमलं. खर्रा सुटला. सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी, एकदा डबाभर कोथिंबिरीची सांभारवडी घेऊन आल्या. "भाऊजी, लग्नापासून मी मागे लागली होती," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मालकांनाही वडी खायला घातली. दुकान चांगलं वाटलेले दिवस मोजकेच आहेत, त्यातला तो एक.

ड्रिपरच्या तोंडाशी जी नळी असते तिला ड्रिप टिप म्हणतात. ड्रिपरची टिप रुंद असते, कारण वाफ भरपूर येते. हिवाळ्याच्या सुरुवातीला गजूभाऊंनी बारीक टिप मागितली. दिली. चव जास्त लागते म्हणून बरेच जण बारीक मागतात. थोड्या दिवसांनी त्याहून बारीक मागितली. मग द्रवाचा प्रकार बदलला. आंब्याचा तिखट लागतो म्हणाले, पुदिना द्या, थंडगार. पुढच्या शनिवारी आणखी थंड आहे का विचारलं. आंबा तिखट कसा लागेल, हे माझ्या डोक्यात राहिलं. सांभारवडीचा डबा परत देताना मी त्यात मिठाईच्या दुकानातली कचोरी घातली होती. त्यांनी डबा तिथेच उघडला, कचोरी बारीक कुस्करली आणि चिमटीने गालात सरकवली.

मामा शेवटी भाकरी तशीच खायचे. आधी कुस्करून, मग दुधात भिजवून, मग नुसतं दूध.

दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "गजूभाऊ, तीन बोटं तोंडात घाला. अशी, उभी." आणि माझी घालून दाखवली. मामांना अकोल्याच्या डॉक्टरांनी तसं करायला सांगितलं होतं. चांगल्या तोंडात तीन बोटं एकावर एक उभी मावतात.

"लहान पोरगा समजला का मले?"

"घाला तर खरं."

त्यांचं एक बोट गेलं. दुसरं अडकलं.

मी फोनचा उजेड पाडून पाहिलं. गालाची आतली बाजू पांढरट, पोपडा धरलेल्या भिंतीसारखी. मागे, जिथे खर्रा ठेवायचे तिथे, एक लाल जखम. तिच्या कडा उचललेल्या होत्या. मी डॉक्टर नाही. पण मामांच्या तोंडात मी हे पाहिलं होतं, आणि मामा माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी गेले.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"दाढ घासते. तुयी पुदिन्याची वाफ घेतली का बरं वाटते. डिसेंबरात गावी जाऊन रायलो ना, अमरावतीले दाखवतो. पाव्हणाच हाय डेंटिस्ट."

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांची ही रीत घरोघरी आहे. इथे मोठ्या माणसाच्या दाताचा इलाज महाग, म्हणून दात भारतात. सुटीत गावी जायचं, लग्न उरकायचं, कपडे शिवून घ्यायचे आणि दाढा भरून यायचं. मीही तेच करतो. माझी एक दाढ दोन दिवाळ्या तशीच ठणकत राहिली होती.

"भाऊ, ही दाढ नाही. आणि हे डेंटिस्टचं काम नाही. तुमच्या इथल्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी हॉस्पिटलात पाठवलं तर तिथे पैसे लागत नाहीत."

"डॉक्टरकडे मी जातोच. बीपीच्या गोळ्या घेतो ना."

"मग त्यांनी तोंड नाही पाहिलं?"

"काऊन पाहीन? दर वेळी विचारते, स्मोक करता का. मी म्हणतो नो. आता खोटं थोडीच हाय ते?"

खोटं नव्हतंच. इतकी वर्षं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं, आणि तंबाखू गालात आहे का असं तिथे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. मी म्हणालो, "उद्याच्या उद्या जा. तोवर मी तुम्हाला द्रव देणार नाही."

त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. बाटलीकडे हात केला. मी ती मागे ठेवली. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तू वाणी हायेस का डॉक्टर?"

"वाणीच आहे. पण देणार नाही."

"इथं येऊन लय शहाणा झाला तू. चार दुकानं हायेत या रोडवर."

यंत्र खिशात घालून ते निघून गेले. दाराची घंटी वाजत राहिली. पुढच्या शनिवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. एकदा सिग्नलला त्यांची गाडी दिसली. काच खाली होती आणि आतून पुदिन्याची पांढरी वाफ येत होती. दुसऱ्या दुकानात बाटली मिळाली होती.

गिऱ्हाइकाची गोष्ट घरी सांगायची नाही, असं आमच्या धंद्यात मानतात. सिगारेट चोरून ओढणारे नवरे-बायका दोघंही वेगवेगळे येतात आणि आम्ही दोघांशीही गप्प असतो. मी पुष्कळ विचार केला आणि पोळ्यांच्या दुकानात सुनंदावहिनी दिसल्या तेव्हा बाहेर जाऊन सांगून टाकलं. बोटांचं, जखमेचं, मामांचं, सगळं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "हे भात पातळ मागतात. मला वाटलं पोटाचं काहीतरी." मग पिशवी पुन्हा उचलून, "नात्यातलं लग्न आहे म्हणून मीच तिकिटं काढली हो डिसेंबरची. ऑगस्टची स्वस्त होती, पण एकदम लग्नालाच जाऊ म्हटलं."

त्याच आठवड्यात त्यांनी वेळ घेतली. गजूभाऊंनी जायला एकच अट घातली. "त्या वाण्याले सोबत घे. त्याले सांगू दे खर्रा म्हणजे काय, मले इंग्रजीत येत नाई." फोर्कलिफ्टवर बसून ते दिवसभर इंग्रजीतच बोलायचे. पण मी गेलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. खर्रा त्यांना माहीत नव्हता, पण त्यांनी एकही शब्द वाया घालवला नाही. कसा घोटतात, कुठे धरतात, किती वर्षं, हे विचारलं. मग हातमोजे घातले, उजेड घेतला आणि तोंडात पाहिलं. मानेवरून बोटं फिरवली. एका जागी बोटं थांबली आणि पुन्हा तिथेच आली. वहिनींचं लक्ष भिंतीवरच्या चित्राकडे होतं. गजूभाऊ माझ्याकडे पाहत होते. मी नजर खाली वळवली. डॉक्टरांनी आमच्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला, तेव्हा तिघांनाही कळलं.

बाहेर पार्किंगमध्ये गजूभाऊ म्हणाले, "तुया मामाचं कसं झालं होतं रे? खरं सांग."

मी खरं सांगितलं.

ते गाडीला टेकून उभे राहिले. मग खिशातून ड्रिपर काढून माझ्या हातात दिला. "ठेव. कोणाले तरी शिकव."

ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचा जबडा काढावा लागला, पायाचं हाड आणि कातडी घेऊन तिथे बसवली. मग किरणं दिली. मी हॉस्पिटलात जायचो तेव्हा आजूबाजूच्या खाटांवर कोणी शेतकरी, कोणी ट्रकवाला असायचा, इथलेच, दारू-सिगारेटवाले. सगळे गप्प, पोटात नळ्या. डिसेंबरचं लग्न वहिनींनी फोनवर पाहिलं. गजूभाऊंना आता बोलता येतं, पण ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत. घरातल्यांना कळतात म्हणे. मला अजून वहिनींनी सांगावे लागतात. एवढी धारदार जीभ होती त्या माणसाची.

मी लवकर पाहिलं का उशिरा, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. जो माणूस दर शनिवारी माझ्यासमोर तोंडात नळी धरून उभा असायचा, त्याच्या तोंडात पाहायला मला कचोरी लागली.

आता दुकानात नवीन माणूस आला, की वय विचारतो, मग सिगारेट विचारतो, आणि आपल्याकडचा असेल तर तोंडात काही ठेवता का तेही विचारतो. गुजराती, बिहारी, मराठी, सगळ्यांना. मग तीन बोटं घालायला सांगतो. बहुतेक जण हसतात. एकाने मालकांकडे तक्रार केली. मालकांनी मला बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून स्वतःची बोटं तोंडात घालून पाहिली. मग मला काउंटरवर परत पाठवलं. दोघांना मी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे. पुढे काय झालं, ते मला सांगायला ते परत आलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात गजूभाऊंकडे गेलो होतो. मानेच्या दुसऱ्या बाजूला एक गाठ हाताला लागते आहे, तिचा स्कॅन दिवाळीनंतर. वहिनी पणत्या धुऊन ओट्यावर उपड्या घालत होत्या. मी मार्गारेटबाईंच्या डब्यातला राहिलेला कापूस घेऊन गेलो होतो, कारण वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, की दिवसभर हात नुसते हलवत बसतात.

गजूभाऊ खिडकीपाशी खुर्चीत होते, गळ्याभोवती मफलर, मांडीवर ताट. त्यांनी कापूस घेतला, डाव्या तळव्यावर ठेवला आणि अंगठ्याने घोटायला लागले. वळलेली वात त्यांनी ताटात ठेवली. घट्ट, सरळ, एकसारखी. तशा वातींची एक ओळ तिथे आधीपासूनच होती.

अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. तपकिरी पेर उतरलं होतं. नखाच्या कडेच्या चिराही भरल्या होत्या.

मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी हात वर करून तीन बोटं दाखवली. मी भेटायला गेलो, की ते हे दर वेळी करतात. मी परत बसलो, त्यांच्याकडे तोंड केलं आणि माझी तीन बोटं उभी आत घातली. त्यांनी वाकून, खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं. मग मान हलवली आणि पुढची वात घेतली.